एकशे त्र्याहत्तर सोडून

"क्वेरी उचलायच्या तर उचल, बेटा. पण एकेक उघडून बघ. नुसती उचलू नकोस," शिकलगारकाका म्हणाले.

मी तेव्हा एका हातानं माउस धरला होता आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावत होते. सकाळपासूनचा तिसरा.

"काका, क्वेरीत काही नसतं हो," मी म्हणाले. "क्वेरी म्हणजे साठवून ठेवलेला प्रश्न. कोण कोण आलं नाही, एवढाच. माणसं तक्त्यात असतात. प्रश्न या फायलीतून त्या फायलीत नेला की तो तिथल्या माणसांना विचारला जातो. हं, आई? उठली का जुई? दूध किती घेतलं?"

"अगं, मोजून थोडंच घेते ती," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "पोट भरलं की तोंड फिरवते."

"साठ की सत्तर?"

"पासष्ट लिही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काका शांतपणे थांबले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घातल्यामुळे ते माझ्याकडे बघताहेत की खिडकीकडे, ते कळत नव्हतं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "प्रश्न माझा आहे. माणसं तुझी आहेत."

"मग चांगलंच की. काम तेच राहील."

"त्यात माझं थोडं हातचं काम आहे."

"क्वेरी चालली नाही तर संगणकच सांगेल, काका. लाल खूण येते."

"चुकीची क्वेरी पण चालते, बेटा," काका म्हणाले.  आपली डब्याची पिशवी घेतली आणि तेवीस वर्षांची नोकरी संपवून घरी गेले.

मी सांगलीला बी.सी.एस. केलेलं. काकांनी संगणक शिकला तो वयाच्या पन्नाशीत, कंपाउंडर असताना, औषधाच्या कंपनीनं भेट दिलेल्या यंत्रावर. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं आपल्या खुर्चीवरून मन निघत नाही. असतं असं.

दवाखाना ट्रस्टचा होता, जतच्या बाजूला. डॉ. मालगांवे दर बुधवारी हृदयाचे पेशंट बघायचे. त्यातले बरेचसे एकाच दुखण्याचे. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप येतो, कोणी लक्ष देत नाही, आणि पुढं दहा-पंधरा वर्षांनी हृदयाच्या झडपा खराब झालेल्या निघतात. खराब झालेली झडप औषधानं पहिल्यासारखी होत नाही. पण आणखी बिघडू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, वर्षानुवर्षं. कमरेत. दुखतं, आणि लगेच काही फरक दिसत नाही. त्यामुळे लोक चुकवतात.

चुकवणाऱ्यांना पोस्टकार्ड जायचं. तेवीस दिवस झाले आणि माणूस आला नाही, की सोमवारी यादी निघायची, यादीवरून कार्डं छापायची, दुपारच्या टपालात टाकायची. 'आपले इंजेक्शन राहिले आहे. बुधवारी न चुकता यावे.' ती यादी काढणं हे माझं काम. सकाळी नऊ ते दुपारी दोन. आठ महिन्यांच्या मुलीच्या आईला याहून बरी नोकरी मिळाली नसती.

काकांच्या फायलीचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. त्यात नंबर होते सहाशे बारापर्यंत आणि माणसं चारशे अडतीस. मधले गेलेले. काही गाव सोडून गेलेले आणि काही खरंच गेलेले. मला ती भोकं बघवेनात. मी डॉक्टरांना विचारून नवी फाईल केली, सगळ्यांना गाववार ओळीनं एकपासून नवे नंबर दिले आणि पेशंटजवळ ठेवायची नोंदीची नवी फिकट पिवळी कार्डं छापून घेतली. डॉक्टर म्हणाले, "छान. आता दवाखाना दवाखान्यासारखा दिसतोय."

राहिल्या होत्या क्वेरी. अकरा होत्या. 'गाववार', 'ॲलर्जीवाले', 'चुकलेले', 'चुकलेले २', 'चुकलेले पक्की'. मी नवी फाईल उघडली, जुन्या फायलीकडे बोट दाखवलं, अकराच्या अकरा नावांवर खुणा केल्या आणि बटण दाबलं. चार मिनिटांत सगळ्या इकडे. 'चुकलेले पक्की' चालवून बघितली. लाल खूण आली नाही. एकतीस नावं आली. एकतीस हा आकडा मला अगदी पटण्यासारखा वाटला.

त्या दिवशी घरी जाताना मी जुईसाठी दुसरा थर्मामीटर घेतला. पहिला अर्धा अंश कमी दाखवतो की काय, असा मला संशय होता.

मंगल दुधाळला मी पहिल्यांदा नीट बघितलं ते त्याच आठवड्यात, श्रावणातल्या एका बुधवारी. त्या सोमवारची कार्डं काकाच जुन्या यादीवरून टाकून गेले होते. ताडवस्तीची. बारा किलोमीटरवरून, अर्धी वाट चालत, अर्धी वडापच्या जीपनं आलेली. चोवीस-पंचवीसची असेल. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, पाठीला झोळीत सात महिन्यांची मुलगी. इंजेक्शन घेऊन लंगडत बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी जमिनीवर बसली. मी फोनवर होते.

"आई, रडतेय का ती? मग आवाज कसला येतोय?"

मी फोन ठेवल्यावर मंगल हसली. "ताई, लेकरू घरात हाय न्हवं?"

"हो. सासूबाईंपाशी."

"मग कशाला जीव टांगून घेताय? रडलं तर रडू द्या. आवाज मोकळा हुतोय."

"तुझी रडत नाही?"

"रडती की. पर मेंढरं लई वराडत्यात, मग ऐकू येत न्हाई."

वायदंडे सिस्टर आतून ओरडल्या, "मंगल, गप्पा मारतीस, पण या पाळीला पण सात दिवस उशिरा आलीस! एकवीस म्हणजे एकवीस, किती वेळा सांगायचं?"

"आवो सिस्टर, घरात दीस कोन मोजतंय?" मंगल म्हणाली. "तुमचं कार्ड आलं की निगायचं, आमाला एवढंच ठावं. मामांजी कार्ड घेऊन मास्तरकडं जात्यात. मास्तर वाचतोय. मग मामांजी मला म्हनत्यात, चल, तुजं आमंत्रण आलंय."

सिस्टर कपाळावर हात मारून आत गेल्या. पण ते खरंच होतं. लांबच्या वस्त्यांवरचे निम्मेअधिक लोक चुकलेल्यांच्या यादीला बोलावण्याची यादी समजत. इंजेक्शन चुकवणं म्हणजे काय, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. कार्ड आलं की ते निघत आणि वेळेवर आलो असं समजत. डॉक्टरांनी त्यावर वाद घालणं सोडलं होतं. आठवडाभर इकडे तिकडे, चालतं, म्हणायचे. येतात हे काय कमी आहे?

मंगलनं माझ्या टेबलावरचं पिवळं कार्ड उचलून उलटसुलट बघितलं. "ह्यात काय लिवलंय?"

"तुझं नाव, वस्ती, नंबर आणि आजची तारीख."

"अन् कवा बरी हुनार ते?"

मी हसले. "ते डॉक्टरांना विचार."

"इचारलं. ते म्हनलं, घेत ऱ्हा." तिनं झोळी सावरली. "घेत ऱ्हा म्हंजे कवा तरी सपलंच की."

त्यानंतरच्या बुधवारांत ती मला दिसली नाही. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. न येणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष फार असतं. एकदा मी सिस्टरांना विचारलंसुद्धा, "ती ठिपकेवाली मंगल आली नाही का हो?"

"यादीत आहे का?"

मी यादी बघितली. "नाही."

"मग येऊन गेली असेल. तू त्या दिवशी लवकर गेली होतीस ना, मुलीला डोस द्यायला?"

गेले होते खरी. जुईचा डोस होता आणि तो वेळापत्रकाच्या तारखेलाच द्यायचा असा माझा हट्ट होता. यादीत नाव नाही म्हणजे इंजेक्शन झालं. मी दुसऱ्या कामाला लागले.

दसऱ्याच्या दहा दिवस आधीच्या बुधवारी दवाखान्यात एक बाई शिरली. पन्नाशीची, हिरवं इरकली लुगडं नेसलेली, हातात आमचं पोस्टकार्ड. मागं एक एकोणीस-वीस वर्षांची सून, पदरानं तोंड झाकून.

"हे कुनी धाडलं?" बाईनं कार्ड वर धरलं. आवाज असा की ओट्यावरचे लोक आत डोकावले.

मी उभी राहिले. "मी. काय झालं, मावशी?"

"ही माजी सून. सारिका. तेल्याची गौराबाई मी. हिचं नाव तुमच्या वहीत हाय?"

सिस्टर बाहेर आल्या, सारिकाला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला कार्ड कसं गेलं? हिला कधीच कार्ड जात नाही. शिकलगार स्वतः तिच्या माहेरी फोन करायचे. सासरी माहीत नाही काही!"

 सारिका पदराआड रडत होती.

"चौदा म्हैनं झालं लग्नाला," गौराबाई म्हणाली. "दर तीन आठवड्यानं हिला म्हायेर आठवतंय. आज आईचं डोकं दुखतंय, उद्या भावाला बघायला येनार हायती. मी म्हनलं, कुनी हाय का काय तिकडं? पोराला सांगितलं, इचार. पोरानं इचारलं, ही रडती. दोन म्हैनं झालं, घरात कुनी कुनाशी बोलत न्हाई. परवा तर पोरगा म्हनला, आये, तिला सोडून येतो."

तिनं कार्ड पुन्हा वर धरलं.

"अन् काल हे कार्ड आलं," गौराबाई म्हणाली आणि एकदम तिचा आवाज फुटला. "इंजेक्शनला जात हुती व्हय गं, भवाने! सुईला! मला सांगितलं असतंस तर मी आले नसते बरुबर?"

तिनं सारिकाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात तसाच पाठीवर ठेवला. सिस्टरांनी दोघींना आत नेलं. सारिका इंजेक्शन घेताना ओरडली, तर गौराबाई बाहेर ऐकू येईल अशी म्हणाली, "सोस! म्हायेरात येवढं सोसलंस."

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून बाहेर आले. सगळ्यांना चहा आला. सिस्टर अजून चक्रावलेल्याच होत्या. "पण कार्ड गेलं कसं? शिकलगारांच्या वेळी तर वर्षभरात एकदा नाही."

"नवी यादी आहे, सिस्टर," मी म्हणाले. "नवी यादी कोणालाच सोडत नाही."

डॉक्टर हसले. म्हणाले, "वृषाली, हे आपण ट्रस्टच्या अहवालात घालू." आणि खरंच घातलं त्यांनी पुढं. 'संगणकीकरणाने वाचवलेला संसार' असा चौकटीत मजकूर आहे, नाव न देता.

त्या दुपारी मी घरी फोन केला नाही. सासूबाईंनीच काळजीनं मला केला.

शिकलगारकाका आले ते दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी, गुरुवारी. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, थेंबांची बाटली हवी होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि गौराबाईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. खरं तर मला त्यांच्यावर थोडी कुरघोडी करायची होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाले. "तिच्या आईनं माझ्याकडून शब्द घेतला होता, कार्ड पाठवायचं नाही, कुठं लिहायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. मी निवृत्त झाल्यावर पण घरून फोन करत होतो. मागच्या पाळीला माझं ऑपरेशन होतं, तेवढा राहिला. चांगलंच झालं. मी उगाच सव्वा वर्ष त्या पोरीला चोरासारखं फिरवलं."

"बघा! तुम्ही तिला यादीतून काढून ठेवलं होतंत म्हणून घर मोडायला आलं होतं."

"हो," ते म्हणाले. मग चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणी गळत होतं. "मी तिला काढलं होतं नंबरानं. क्वेरीत लिहिलं होतं. एकशे त्र्याहत्तर सोडून."

"हो ना. आता तिचा नंबर वेगळा आहे. तीनशे नव्वदच्या पुढचा काहीतरी."

"ते कळलं, बेटा," काका म्हणाले. "एकशे त्र्याहत्तर आता कोण आहे?"

मी संगणकाकडे वळले. 'चुकलेले पक्की' वर उजवं बटण दाबून ती आयुष्यात पहिल्यांदा उघडली. चार रकाने होते. तिसऱ्याखाली, मी दोन महिने रोज ज्याच्या शेजारी बसत होते ते, एका ओळीत. दोन उलटसुलट कंस आणि आकडा, १७३. म्हणजे हा सोडून बाकीचे.

मी तक्ता उघडला आणि एकशे त्र्याहत्तरवर गेले.

दुधाळ मंगल बिरा. ताडवस्ती. शेवटचं इंजेक्शन चौसष्ट दिवसांपूर्वी.

"तुम्ही मला सांगायचं होतंत," मी म्हणाले. 

"शब्द दिला होता. तू उघडून बघितलं असतंस तर मला विचारलं असतंस, की काका, हा कोण? मग सांगितलं असतं." ते उठले. "जीप आहे का?"

जीप होती. सिस्टरांनी इंजेक्शन, सलाइनच्या पाण्याची बाटली, ॲलर्जी आली तर लागणारं औषध सगळं डब्यात भरून दिलं आणि एका परिचारिकेला बरोबर बसवलं. वाटेत मी मनात मोजत होते. दोन पाळ्या पूर्ण चुकलेल्या, तिसरी आली. सहा सोमवार. सहा सोमवारी मी कार्डांचा गठ्ठा टपालपेटीत टाकून पेटीत वाकून बघत असे, एखादं अडकलं तर नाही ना.

ताडवस्तीवर आठ-दहा घरं. बहुतेकांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. एका ओट्यावर एक म्हातारा लोकर कातत बसला होता. परिचारिका म्हणाली, हेच सासरे.

"मंगल कुठंय, आबा?" मी विचारलं.

"मेंढरामागं. दसरा झाला, दुसऱ्या दिशी निगाली समदी." त्यानं काकांना ओळखलं. "या, या शिकलगार! डोळं बरं हायत न्हवं?"

"मंगलनं दोन पाळ्या इंजेक्शन घेतलं नाही, सिदूआबा," काका म्हणाले.

"कार्ड कुठं आलं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हणाले, "नाही आलं."

"मग?" म्हातारा हसला. दात नव्हते, पण हसू भरभरून. "भादव्यात आमी वाट बघितली. मास्तरकडं दोनदा जाऊन आलो. मास्तर म्हनला, कार्ड न्हाई म्हंजे आता सुईची गरज न्हाई. दवाखान्यानं नाव काढलं. पोरगी बरी झाली."

परिचारिकेनं इंजेक्शनचा डबा ओट्यावर ठेवला.

"लई खूस झाली," म्हातारा सांगत होता. "बिरोबाला नारळ फोडला. समद्या वस्तीला गूळ-खोबरं वाटलं. धा वर्सं सुया खाल्ल्या, आता सुटली म्हनली. एरवी माजा बिरा तिला मागं ठेवून जायचा, दवाखान्यापायी. आवंदा पयल्यांदा लेकरू घेऊन त्याच्यासंगं गेली."

तो उठला, आत गेला आणि कागदाचा एक पुडा घेऊन आला. गूळ वितळून कागदाला लागला होता. "तुमचा वाटा. मंगल म्हनली हुती, कोन दवाखान्याकडं गेलं तर त्या कार्डाच्या ताईला द्या. मी चाललोच हुतो बाजारच्या दिशी."

मी पुडा घेतला. मी तोंड गोड करावं म्हणून म्हातारा उभा होता, तेव्हा एक खडा तोंडात टाकला.

काका त्याच्या शेजारी बसून हळूहळू सांगत होते. बरी झालेली नाही. चूक झाली. कार्ड यायला हवं होतं. म्हाताऱ्यानं विचारलं, "कार्ड न्हाई म्हंजे बरी न्हाई?"

"नाही, आबा."

"मग कार्ड आल्यावर बरी?"

काकांनी त्याचा हात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

बिराकडे मोबाईल होता. लावला तर बंद. कुठल्या वाटेनं गेले विचारलं तर म्हातारा म्हणाला, "कराडवरनं वर. पुढं जितं शेतवाला बसवंल तितं." परतताना जीपमध्ये काका एवढंच म्हणाले, "सारिका आली त्या बुधवारी तू मला फोन केला असतास, तर मंगल तेव्हा वस्तीवरच होती."

तो म्हणजे चहाचा बुधवार. मी कोणालाच फोन केला नव्हता त्या दिवशी.

मी क्वेरीतली ती ओळ काढली. पुढच्या सोमवारी यादीत तिचं नाव आलं, कार्ड छापलं गेलं, आणि दुसरा पत्ता नव्हता म्हणून ते ताडवस्तीवरच पाठवलं. नंतर दर सोमवारी. आम्ही कराड, पाटण, वाई, भोर इथल्या सरकारी दवाखान्यांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, असा पेशंट नोंदलेला नाही. ज्येष्ठात वस्तीवर माणसं परत आली, तेव्हा मी आणि सिस्टर पुन्हा गेलो. मंगल नव्हती. बिरा मेव्हण्याच्या कळपाला मिळाला, तिकडेच राहिला, असं एक जण म्हणाला. म्हाताऱ्यालाही घेऊन गेले होते. एक बाई म्हणाली, मंगल झकास आहे, लोणंदच्या बाजारात दिसली होती. दुसरी म्हणाली, ती मंगल नव्हे, तिची जाऊ. मंगलला आता डोकीवर बोचकं घेऊन चालवत नाही, मध्येच बसती.

दोघींपैकी कोण खरी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. याला बारा वर्षं झाली. काका गेले. दवाखान्यातली फाईल आता माझ्यानंतरच्या मुलीनं तिसऱ्यांदा नवी केली आहे. सारिकाला दोन मुलं आहेत आणि गौराबाई तिला अजून स्वतः घेऊन येते, कार्डाची वाट न बघता.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणाची शेती सातारा, पुणे, कोकणाच्या बाजूला असेल. दिवाळीनंतर तुम्ही खतासाठी शेतात मेंढरं बसवत असाल. दोन-तीन रात्री पालं पडतात, सकाळी बायका तुमच्या विहिरीवर पाण्याला येतात. त्यात हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेली, छत्तीस-सदतीस वर्षांची मंगल दुधाळ आहे का बघा. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल. तिला सांगा, तुझं नाव दवाखान्यानं काढलेलं नाही, कार्ड पाठवायचं आमच्याकडून राहिलं. कुठल्याही सरकारी दवाखान्यात हृदयाचं एकवीस दिवसांचं इंजेक्शन म्हटलं की डॉक्टरांना कळतं. आधी ते तपासतील. तिला विचारा, चढ चढताना दम लागतो का, झोपताना उशी उंच लागते का. ती हसून नाही म्हणेल. तरी सोबत जा.